सर हम्फ्री, मुक्काम जबलपूर

‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश मालिका विनोदी आहे, हे बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही. जबलपूरच्या एका सरकारी कचेरीत बड्याबाबूच्या खुर्चीपर्यंत पोचलेला हा माणूस, मैफलीत पुढे बसून गाणं ऐकावं तशी ती मालिका ऐकायचा. मालिकेतल्या सचिवाने, सर हम्फ्री ॲपलबीने, एका दमात लांबलचक वाक्य घेतलं आणि मंत्र्याच्या हाती काहीही न लागू देता बरोबर समेवर आणून सोडलं, की बाबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, “क्या बात है!” इंग्रजी त्यांनाही सगळं कळत नसे. पण ‘प्रकरण विचाराधीन आहे’ ही चीज जाणकाराला कुठल्याही भाषेत ओळखू येते.

पंचाईत आम्हा भावंडांची होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अशा ब्रिटिश मालिका लागायच्या, तेव्हा पहिलं वाक्य उमगेपर्यंत चौथं संपलेलं असे. सगळी भिस्त तिकडच्या स्टुडिओतल्या प्रेक्षकांवर. ते हसले की आम्ही हसायचो. आई स्वयंपाकघरातून विचारायची, “काय झालं रे?” तेवढं मात्र विचारू नये. इंग्रजी शिकवणीच्या वर्गावरच्या ‘माइंड युवर लँग्वेज’ला ही अडचण नव्हती. तिथे वर्गातल्या कोणालाच इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आपल्या घरच्यासारखं वाटे.

‘येस मिनिस्टर’मधला बाबांचा आवडता भाग इस्पितळाचा. नवंकोरं इस्पितळ, पाचशे कारकून-अधिकारी कामात बुडालेले, आणि रोगी एकही नाही. मंत्री हॅकर चक्रावतो. देशातल्या उत्तम चाललेल्या इस्पितळांपैकी हे एक आहे, स्वच्छतेच्या बक्षिसासाठीही त्याचं नाव आहे, असं त्याला अभिमानाने ऐकवलं जातं. आम्ही लोळत होतो. बाबा गंभीरपणे म्हणाले, “मग चुकलं काय? रोगी आले की घाण होणारच.”

हॅकरने काही भलतं करायचं ठरवलं, की हम्फ्री ‘फार धाडसी निर्णय’ म्हणून त्याचं कौतुक करतो आणि हॅकरला घाम फुटतो. कारण वादग्रस्त निर्णयाने मतं जातात, धाडसी निर्णयाने निवडणूकच जाते. हा डाव आईने बिनबोभाट उचलला. दिवाळीआधी बाबांनी घर स्वतःच रंगवायची घोषणा केली, तेव्हा ती नुसती म्हणाली, “अहो, फार धाडसी निर्णय हं.” दुसऱ्या दिवशी रंगारी आला.

हॉटेलवरची ‘फॉल्टी टॉवर्स’ ही मालिका आमच्याकडे फार उशिरा, चुलतभावाच्या कॅसेटवरून पोचली. 1975 आणि 1979 मिळून अवघे बारा भाग. पुढे ताणलं नाही, याबद्दल लेखक-अभिनेता जॉन क्लीझचे पाय धरावेत. टॉर्कीच्या एका हॉटेलात उतरला असताना तिथला मालक पाहुण्यांवर इतका खेकसायचा, की क्लीझला मालिकेतला हॉटेलमालक बॅसिल फॉल्टी अख्खा तिथेच सापडला. भेडाघाटाकडच्या एका लॉजवर गरम पाणी मागितल्यावर व्यवस्थापकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावर सहज तेरावा भाग निघाला असता.

मला या मालिकांत आवडतं ते हे, की कोणी सुधारत नाही. आपल्याकडे शेवटच्या भागात सासू तरी रडते, नाहीतर साहेब तरी. हॅकर 1986 मध्ये ‘येस, प्राइम मिनिस्टर’मध्ये थेट पंतप्रधान होऊन आला, तरी हम्फ्रीपुढे तसाच गांगरलेला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन मंत्री आणि सचिव दोघांनाही सोडत नाहीत. आणि ज्यांच्या कारभाराची ही चेष्टा, त्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर मालिकेच्या निस्सीम चाहत्या!

पण सरकारी कारभाराच्या चेष्टेचं जबलपूरकराला नवल वाटू नये. आमच्या नेपियर टाउनमध्ये हिंदीतले व्यंगकार हरिशंकर परसाई राहायचे. त्यांच्या कथेतला भोलाराम आमच्याच घमापूरचा, पेन्शनची वाट पाहत मेलेला. त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि शोधत आलेल्या नारदाला तो थेट पेन्शनच्या फाइलीत सापडतो. फाइल हलण्यासाठी तिच्यावर ‘वजन’ ठेवावं लागतं आणि त्यात नारदाची वीणा जाते. हम्फ्रीने वीणेला हातही लावला नसता. वीणा हे वजन धरावं की वाद्य, यावर त्याने आंतरविभागीय समिती नेमली असती. भोलाराम तरीही फाइलीतच.

2001 मध्ये ‘येस मिनिस्टर’ची हिंदी आवृत्ती ‘जी मंत्रीजी’ आली. फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. बाबांनी मान हलवली, “मंत्री फार सज्जन दिसतो.” सचिवाबद्दल मात्र तक्रार नव्हती.

तोवर बाबा निवृत्त झाले होते. पुढे दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत नेऊ लागलो. एका वर्षी अंगठा यंत्रावर उमटेना. काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, “बाऊजी, हम तो मान रहे हैं कि आप ज़िंदा हैं, सिस्टम नहीं मान रहा.” मी भडकलो. बाबांनी माझा हात दाबला आणि त्या पोराकडे कौतुकाने बघत विचारलं, “बेटा, किसके अंडर में काम सीखे हो?”