दिसतंय ना? मग करा सही!

महाराष्ट्रातल्या तमाम दुचाकीस्वारांची नजर ठणठणीत आहे. हा आमचा अंदाज नव्हे. त्यांनी स्वतःच्या सहीनिशी तसं लिहून दिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये 'नमुना १' नावाचा लायसनच्या अर्जासोबतचा एक कागद आहे. त्यात सरकार अर्जदाराला विचारतं, की चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास चष्मा लावून, पंचवीस मीटरवरच्या मोटारीची नंबर प्लेट तुम्हाला प्रत्येक डोळ्याने वाचता येते का? 'नाही' असं उत्तर दिलेला अर्ज निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. हा प्रश्न ज्या बारीक टायपात छापलेला असतो तो वाचण्यासाठी रांगेतल्या शेजाऱ्याचा चष्मा मागून घेणारे मात्र पाहिलेत. चष्मा डोळ्यांवर चढवायचा, प्रश्न वाचायचा, चष्मा परत करायचा आणि 'होय'वर खूण करायची. नियमाचा कुठेही भंग नाही. चष्मा 'असल्यास' लावायचा आहे, आणि तो यांचा नव्हताच.

नागरिकावर एवढा विश्वास टाकणारं सरकार दुसरीकडे सापडणं कठीण. रेशनकार्डावर नाव चढवायचं तर पुरावे लागतात, पेन्शनरला तर हयात असल्याचाही दाखला द्यावा लागतो. पण डोळ्यांच्या बाबतीत तुम्ही म्हणाल ते खरं. रातांधळेपणा आहे का, हेही तुम्हालाच विचारतात. लाल आणि हिरवा ओळखता येतो का, हेही पूर्वी तुम्हीच सांगायचात. आरोपीलाच पंच नेमून पंचनामा करून घेण्याची ही पद्धत पोलिसांनी उचलली, तर न्यायालयांवरचा ताण एका आठवड्यात उतरेल.

पूर्वी निदान आरटीओत जावं लागायचं. तिथल्या दारावर डोकं न आपटता आत आलात एवढ्यावरून तरी काहीतरी दिसत असल्याचा पुरावा मिळायचा. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसनसुद्धा 'आधार'च्या आधारावर घरबसल्या मिळतं. वाहतुकीच्या चिन्हांची परीक्षा मोबाइलवर द्यायची. म्हणजे पंचवीस मीटरचं अंतर हातभरावर आलं. उत्तर सुचवायला मागे भाऊ उभा असला तर तेही नको; मग डोळे मिटून घेतले तरी चालतं.

पक्क्या लायसनच्या वेळी मैदानावर आठ काढून दाखवायचा असतो. हा आठ मराठी माणसाला पाठ आहे. आठ काढताना पाय टेकतोय का, याकडे साहेबांचं बारीक लक्ष असतं. नजरेकडे नसतं, आणि त्याचं कारण साधं आहे: आठ काढायला नजर लागतच नाही. पुढच्याच्या मागे जायचं. पुढचा चुकला तर तुम्हीही नापास, पण तो दोष डोळ्यांचा नव्हे, नेतृत्वाचा.

हे एकदा उरकलं की सुटलो. २०१९ च्या सुधारणेनंतर तिशीच्या आत लायसन काढणाऱ्याला ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. अठराव्या वर्षी जो 'होय' लिहिला, तो बावीस वर्षं टिकतो. मधल्या काळात त्या मुलाला एकविसाव्या वर्षी उणे एकचा नंबर लागतो, नोकरी लागल्यावर कॉम्प्युटरपुढे तो उणे तीनवर जातो, लग्नाच्या बोलण्यांत चष्मा लपवला जातो आणि लग्नानंतर तो हरवतो. लायसनवरची नजर मात्र अठरा वर्षांचीच असते. तिच्यावर काळाचा परिणाम होत नाही.

चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, 'नमुना १-अ'. आता सरकार गंभीर झालं असं तुम्हाला वाटेल. दाखल्यात तोच पंचवीस मीटरचा प्रश्न आहे. फक्त आता उत्तर डॉक्टरांनी द्यायचं. डॉक्टर नेत्रतज्ज्ञच हवा असं नाही, नोंदणीकृत असला की झालं. बहुसंख्य डॉक्टर प्रामाणिकपणे तपासतात, असं म्हणायची पद्धत आहे आणि आम्हीही ती पाळतो. उरलेल्यांच्या दवाखान्यात पंचवीस मीटर कुठून आणायचे, हा खरा पेच आहे. दवाखान्याची लांबी दहा फूट. भिंतीवर नेदरलँड्सच्या स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्याचा एखादा वंशज असतो, तो सहा मीटरवरून वाचायचा असतो, आणि त्याच्यावर औषधकंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असतं. तपासणीचा संवाद आम्ही जसाच्या तसा देतो.

"दिसतं ना?"

"दिसतं की, डॉक्टरसाहेब."

"गाडीवर आलात?"

"हो, डबलसीट."

"मग दिसतंच. या."

यात तर्क आहे, तो नाकारता येणार नाही. काहींच्या बाबतीत तर एवढंही होत नाही. एजंटच्या पिशवीतून फाइल दवाखान्यात जाते आणि दाखला घेऊन परत येते. फाइलीला डोळे नसतात, त्यामुळे ते तपासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता त्या पंचवीस मीटरकडे जरा नीट बघू. कारण कायदा लिहिणाऱ्याने इथे, बहुधा नकळत, मोठी दया दाखवली आहे. नियम ५१ प्रमाणे मोटारीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच हवं. ते पंचवीस मीटरवरून वाचणं म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातली साधारण सहा-बाराची ओळ वाचण्यासारखं. कामचलाऊ नजर. दुचाकीच्या मागच्या प्लेटवरचे आकडे मात्र ४० मिलिमीटरचे, अक्षरं त्याहून बारीक आणि पुढच्या प्लेटवर तर सगळंच ३० चं. तेवढ्याच अंतरावरून ते वाचायचं तर जवळपास सहा-सहा किंवा त्याहूनही चांगली नजर लागेल. म्हणजे दुचाकीवाल्याची नजर तपासायची ती मोटारीच्या प्लेटवर. दुचाकीच्या प्लेटवर तपासली असती तर रस्ते मोकळे झाले असते.

पण हा हिशेब प्लेट प्लेटसारखी असेल तेव्हाचा. अक्षरं इंग्रजी हवीत, आकडे इंग्रजी हवेत, असा नियम आहे. आमच्याकडे ४१४१ असा नंबर मिळाला की त्याचा 'दादा' होतो, २१४ चा 'राम' होतो आणि ८०५५ चा 'बॉस'. या नंबरांसाठी लोक आरटीओत जास्तीचे पैसे भरतात, मग रेडियमवाल्याला आणखी देतात. आता समजा, एखाद्या कर्तव्यदक्ष निरीक्षकाने उमेदवाराला खरोखरच रस्त्यावर उभं केलं आणि पंचवीस मीटरवरची प्लेट वाचायला सांगितली. उमेदवार म्हणाला, "दादा." आता हा पास की नापास? त्याने जे लिहिलंय ते बिनचूक वाचलं. नियमात जे असायला हवं होतं ते वाचलं नाही. आमच्या मते त्याला पास करावं आणि निरीक्षकाची बदली करावी, कारण त्याने दादांची गाडी परीक्षेला वापरली.

या सगळ्या दादांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटने सरळ करायचं ठरलं आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती मुळातच लागून येते. जुन्या गाड्यांना बसवण्यासाठी महाराष्ट्रात मुदत दिली गेली, मग वाढवली गेली, मग पुन्हा वाढवली गेली. द्रुतगती मार्गावर लावलेल्या कॅमेऱ्यांना नंबर वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा एक आग्रह. रास्तच आहे. सरकारला तुमचा नंबर दिसला पाहिजे. तुम्हाला समोरचं दिसलं पाहिजे, यासाठी मात्र अजून कुठली मुदतही ठरलेली नाही, मग ती वाढवायची कशी?

विनोद जरा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती विनोदाहून चमत्कारिक आहे. समजा, ही परीक्षा कुणी अगदी इमानेइतबारे घेतली. तरी तिच्यात काय दिसेल? समोरचं, स्थिर असलेलं आणि उन्हातलं. काचबिंदू बहुतेकांच्या बाबतीत कडेच्या नजरेपासून सुरुवात करतो. न दुखता, न बोलता, बाजूचं जग कुरतडत येतो, आणि मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. त्या माणसाला पंचवीस मीटरवरची प्लेट खणखणीत वाचता येते. गल्लीतून निघणारी सायकल, डावीकडून घुसणारी रिक्षा, दुभाजकातून उतरणारी आजी, यांपैकी काही त्याला दिसत नाही. आपल्या रस्त्यावर सगळी वर्दळ कडेनेच येते. समोरून सरळ येतो तो फक्त उलट्या दिशेचा माणूस. मोतीबिंदूची तऱ्हा वेगळी. उन्हात फारसं अडत नाही, पण रात्री पावसात, समोरून कुणी अप्पर मारत आला की सगळा रस्ता पांढरा होतो. कायद्याने तपासणी 'चांगल्या उजेडात' सांगितली आहे, आणि गाड्या तर रात्रीही चालतात. युरोपात दुचाकीच्या लायसनसाठीही बाजूचं किती अंशांत दिसतं ते विचारात घेतात. इथे बाजूला बघायला आरसे असतात; ते स्टायलिश दिसत नाहीत म्हणून काढून ठेवले जातात, आणि उरले तर भांग पाडायला उपयोगी पडतात.

शिवाय पंचवीस मीटर म्हणजे तरी किती? ताशी साठच्या वेगात गाडी हे अंतर दीड सेकंदात खाते. दिसलं, कळलं, ब्रेकवर बोटं गेली, एवढ्यात ते संपतं. म्हणजे जेमतेम पंचवीस मीटरपुरती ज्याची नजर आहे, त्याला समोरची वस्तू धडकण्याआधी ओळखू येते, एवढीच काय ती सोय. धडकलो कुणाला, हे पोलिसांना सांगायला बरं.

आणि पोलिसांना तो सांगतोही. आपल्याकडे रस्त्यावर सगळं 'अचानक' येतं. गाय अचानक येते, म्हातारा अचानक येतो. वीस वर्षांपूर्वी बांधलेला दुभाजकही अचानक येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवर होती. कुठल्या चुकीने गेली, त्याचा तक्ता अहवालात आहे: अतिवेग, दारू, उलटी दिशा, तोडलेला सिग्नल, मोबाइल आणि 'इतर'. न दिसण्याला वेगळा रकाना नाही. असणार कसा? मेलेल्याचा 'होय' फाइलीत असतो.

रंगांचं प्रकरण त्या मानाने सुखाचं. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसनची वाट मोकळी केली. चांगला निर्णय होता, आणि इथे तर तो कुणाच्या लक्षातही आला नाही. सिग्नलचा रंग बघून निघणारा माणूस आता उरला आहे कुठे? लोक उलटे मोजणारे सेकंद बघतात आणि पाच उरले की सुटतात. ज्यांना आकडाही दिसत नाही त्यांना मागचा हॉर्न सांगतो. दिव्याखाली उभा असलेला पोलिसमामा मोबाइलवर चलानचा फोटो काढत असतो, तेव्हा त्यालाही दिवा दिसत नाही.

एवढं असूनही आपण रोज धडधाकट घरी पोचतो, ते पाठांतरामुळे. कोथरूडच्या माणसाला डेक्कनपर्यंतचे खड्डे तोंडपाठ असतात. न रंगवलेला स्पीडब्रेकर दिसत नाही, पण पाठीला आठवतो. घोटाळा होतो तो महापालिकेमुळे. ती रात्रीत नवीन खड्डा खणते आणि लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते.

डोळ्यांपुढे काय काय बांधून आपण गाडी मारतो, त्यावर स्वतंत्र सदर होईल. ओरखड्यांनी दुधाळ झालेली हेल्मेटची काच, सिग्नलवर घेतलेला काळा गॉगल जो रात्रीही उतरत नाही, डोळ्यांना एक चीर ठेवून गुंडाळलेला स्कार्फ, पावसाळ्यात आतून धुकाळलेला चष्मा. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा हेल्मेटने बाजूचं दिसत नाही, हा मुद्दा जोरात होता. बाजूचं बघण्याबद्दल इतकी आस्था पुणेकरांनी त्याआधी कधी दाखवली नव्हती.

ब्रिटनमध्ये दुचाकीच्या रस्त्यावरच्या परीक्षेलाही सुरुवात होते ती नजरेपासून. परीक्षक उमेदवाराला उभ्या गाडीचा नंबर वाचायला लावतो. नव्या पद्धतीच्या प्लेटला वीस मीटर. दोनदा चुकलं तर तिसऱ्या वेळी टेपने अंतर मोजतो. तेव्हाही चुकलं तर परीक्षा तिथेच संपते, गाडी सुरूही होत नाही. तिकडची व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. नंतरची कैक वर्षं तेही लोकांच्या शब्दावरच भागवतात. पण निदान एकदा, आयुष्यात एकदा, कुणीतरी टेप घेऊन उभं राहतं. आमच्या आरटीओला टेपची किंमत परवडणार नाही असं नाही, पण तो कुणी आणायचा यावर फाइल फिरेल, आणि फाइलीचं आपण वर पाहिलंच.

तेव्हा सरकारची वाट न बघता वाचकांनी एक करावं. सकाळच्या वेळी सोसायटीत उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीपासून साधारण पस्तीस पावलं मोजावीत. चष्मा असेल तर तो लावावा, उजवा डोळा झाकून नंबर वाचावा, मग डावा झाकून. अडखळलात तर नेत्रतज्ज्ञ गाठा. न अडखळलात आणि चाळिशी उलटलेली असेल, तरी गाठा. डोळ्यांतला दाब आणि बाजूची नजर तपासायला सांगा, घरात कुणाला काचबिंदू असेल तर आवर्जून. दाब मोजायला काही मिनिटं लागतात, दुखत नाही, आणि त्यासाठी एजंट लागत नाही.