मनोगत तयार आहे

प्रत्येक सोसायटीत एक कादंबरीवाले काका असतात. कादंबरी लिहिलेले नव्हे, लिहीत असलेले. आमच्या काकांनी बँकेतल्या निरोपसमारंभातच जाहीर केलं, की आता ऐतिहासिक कादंबरी; सात-आठशे पानं तरी होतीलच. शाखाधिकाऱ्यांनी नेमकी त्याच वाक्याला शाल पांघरली, त्यामुळे तो आपला वाङ्मयीन सत्कार होता असं काका अजून धरून चालतात.

पहिली अडचण नायकाची. मराठीत नव्या माणसाला चांगले नायक शिल्लकच ठेवलेले नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार. कर्ण 1967 साली शिवाजी सावंतांनी नेला, माधवराव त्याआधीच रणजित देसाईंनी, बाजीराव इनामदारांनी. पानिपत तेवढं राहिलं होतं, तर 1988मध्ये विश्वास पाटील आले आणि तेही गेलं. शेवटी काकांना गोविंदपंत बुंदेले सापडले. मूळचे खेर, रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडात पेशव्यांचे कमाविसदार झाले, आणि पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांच्या फौजेला पैसा नि रसद पुरवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. वर हिशेब वेळेवर देत नाहीत म्हणून पुण्याहून सारखी कुरबुर. ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं लिहिण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला याहून जवळचा नायक कुठला मिळणार?

मग अभ्यास. त्यात काकांनी कधी काटकसर केली नाही. नेवऱ्याला जाऊन आले (गणपतीपुळे जवळच, त्यामुळे काकूही गेल्या, आंबापोळी आम्हालाही पोचली). मोडीच्या वर्गात नाव घातलं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि अक्षरं मग तिच्याखाली लिहायची, हे त्यांच्या स्वभावाला फारच मानवलं. मी वही पाहिली आहे. रेघा अप्रतिम आहेत. पुढे सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराचे 45 खंड आहेत असं कळलं, तेव्हा ते वाचून होईपर्यंत पहिलं वाक्य लिहिणं म्हणजे इतिहासाशी द्रोह, असं ठरलं.

बाकीची तयारी मात्र चोख. मुखपृष्ठ भाच्यानं करून दिलं होतं. अर्पणपत्रिका झाली होती. ऋणनिर्देशात मी आहे, ‘वेळोवेळी चौकशी करणारे शेजारी’ म्हणून. आणि मनोगत! ते मी इतक्यांदा ऐकलंय की काका ठसक्यासाठी थांबले तर पुढचं वाक्य मी म्हणू शकतो. त्याच्या शेवटी डाव्या कोपऱ्यात तिथी असते. तिथे आधी गुढीपाडवा होता, त्यावर व्हाइटनर लावून विजयादशमी, त्यावर पुन्हा गुढीपाडवा. त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं तर चांगला उंचवटा लागतो.

कुणी टोकलंच, तर दत्तो वामन पोतदार धावून येत. ‘महामहोपाध्यायांचं शिवचरित्र राहूनच गेलं. म्हणून त्यांची विद्वत्ता कुठे कमी झाली का?’ यावर काकूंनी एकदा सहज विचारलं, ‘‘आणि केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले, ते हो कसे?’’

‘‘त्यांना शीलवतीबाईंची साथ होती,’’ काका म्हणाले.

पुढचे काही दिवस ते चहाला आमच्याकडे येत होते.

खरी मेख वेगळीच होती, ती त्यांनी अशाच एका चहाला मला सांगितली. गोविंदपंत 1760च्या डिसेंबरात अताईखानाच्या छाप्यात मारले जातात. लढाई 14 जानेवारीची. म्हणजे ऐन पानिपताला नायकच हजर नाही! पंतांना मारलं तर लढाई कोणाच्या डोळ्यांनी दाखवायची, आणि न मारावं तर इतिहास सोडत नाही. निवांत बसून काळजी करावी असा हा खरोखरच वाङ्मयीन प्रश्न होता आणि काकांनी तो अंथरुणाला खिळलेल्या नातेवाइकासारखा मनोभावे सांभाळला होता.

तो काकूंनी सोडवला. त्यांनी प्रकाशन समारंभासाठी हॉल घेतला. भाडं आगाऊ आणि परत न मिळणारं. मग पत्रिका छापून वाटल्या, व्याह्यांनासुद्धा. त्यानंतर काका लिहायला बसले. पहाटेपर्यंत त्यांच्या खोलीतला दिवा दिसे, आणि सकाळी डीटीपीवाल्याचा मुलगा कागद न्यायला हजर. छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म, असे सहा भरले. आठशेची शहाण्णव झाली. पंत चौऱ्याण्णवाव्या पानावर पडतात, आणि पानिपतचा प्रश्न उरलेल्या जागेत निकालात निघतो.

मी वाचली. पुढ्यात पेढा होता तरी खरं सांगतो, मधलं रसदेचं प्रकरण जमलंय. अख्ख्या पुस्तकात तलवार जेमतेम एकदा निघते. पण बंजाऱ्यांच्या तांड्यातले बैल, भिजलेली पोती, नदीला पाणी म्हणून अडकलेलं धान्य आणि तिकडे भाऊसाहेबांचं पत्रावर पत्र, हे वाचताना आपल्याही पोटात गोळा येतो. ज्यानं मार्चअखेर काढलाय त्यालाच ते लिहिता येईल. समारंभात अध्यक्षांनी या प्रकरणाचा उल्लेख केला नाही. ते मनोगतापर्यंतच वाचून आले होते, हे उघड होतं.

प्रती बऱ्याचशा भेट गेल्या, आणि भेट गेलेलं पुस्तक कोण उघडतो? पण एकानं उघडलं. बँकेतलेच निवृत्त ऑडिटर. त्यांनी फोन करून कळवलं, की बेचाळिसाव्या पानावर निघालेल्या खंडी आणि सत्तेचाळिसाव्या पानावर पोचलेल्या खंडी यांचा मेळ बसत नाही. मधलं धान्य कुठे गेलं? काका खचतील असं आम्हाला वाटलं. ते तर फुलूनच आले. प्रश्न मुळापासून तपासायला हवा म्हणाले. संध्याकाळी पुन्हा पेशवे दप्तराचे खंड बाहेर निघाले.

सध्या शुद्धिपत्राचं काम चालू आहे. दोनशे पानं तरी होतील म्हणतात. मुखपृष्ठ तयार आहे.