एका सेलचा राजहंस

बहीण लग्न होऊन टोकियोला गेली, त्यानंतर सहाएक महिन्यांची गोष्ट. आईने फोन करून नेहमीप्रमाणे विचारलं, "जावईबापू काय करतायत?" बहीण म्हणाली, "बसलाय गॅलरीत वंडरस्वान घेऊन." फोनच्या खरखरीत आईला त्यातला 'श्वान' तेवढा ऐकू आला. "अगं, दोन खोल्यांच्या घरात कुत्रा? तोही परक्या देशात? खायला काय घालता त्याला?" बहीण शांतपणे म्हणाली, "एक पेन्सिल सेल. महिनाभर पुरतो."

पुढे आईचा गैरसमज दूर झाला, पण समाधान झालं नाही. कुत्रा परवडला असता, असं ती अजून म्हणते.

वंडरस्वान म्हणजे बांदाई या जपानी कंपनीने १९९९च्या मार्चमध्ये आणलेलं, हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. किंमत ४८०० येन. २००३च्या सुमारास त्याचं उत्पादन बंद पडलं आणि जपानबाहेरच्या बहुतेकांना ते जन्मलं कधी आणि गेलं कधी, दोन्ही कळलं नाही. आमच्या मेहुण्यांनी शाळेत असताना एका इंग्रजी मासिकात त्याचं चित्र पाहिलं होतं. पूर्वी मुलीचा फोटो पाहून लग्नं ठरायची तसं झालं. पुढे इंजिनिअरिंग, जपानी भाषेच्या परीक्षा, टोकियोतली नोकरी आणि निशी-कासाईतलं घर, हे सगळं करिअर म्हणून घडलं अशी सासरच्या मंडळींची समजूत आहे. खरं कारण अकिहाबारा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, जुन्या गेमच्या दुकानात काचेमागे ठेवलेलं असतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मी तिकडे तीन आठवडे राहून आलो. पहिल्या सकाळी उठलो तर भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. चहा झाला तरी चार वाजून दहा मिनिटं. बहीण म्हणाली, "दादा, मोबाइल बघ. त्याचा सेल 'त्याच्यात' गेलाय." गॅलरीत इतरांच्या गाद्या वाळत होत्या, आमच्या गॅलरीत मेहुणे. या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे खेळणाऱ्याने सूर्य शोधायचा. ऊन सरकेल तसे मेहुणे सरकतात. सकाळी पूर्वेच्या कठड्याशी, दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत फोडणीच्या आड, संध्याकाळी बाथरूमच्या दारात. शेजारी ओळीने संपलेले सेल उन्हात ठेवलेले. लहानपणी ट्रान्झिस्टरचे सेल आपण असेच कौलांवर ठेवायचो, दाताने चेपायचो. मेहुणे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या प्रकल्पावर काम करतात, हे इथे सांगितलेलं बरं.

"दादा, एका सेलवर तीस-चाळीस तास! सेगाच्या गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि पाच तासांत आटोपायचा." हे सांगताना त्यांचा चेहरा पाच मुलींची लग्नं एका पगारात उरकलेल्या बापासारखा होतो.

आता योकोई. या घरात जेवायला बसलं की वरणभातापर्यंत गुनपेई योकोई येतातच. हा माणूस १९६५मध्ये निन्टेन्डोत लागला तो पत्ते छापणाऱ्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. त्यानेच पुढे 'गेम अँड वॉच' काढलं आणि १९८९मध्ये गेम बॉय, जो रंगीत भावंडासकट जवळपास बारा कोटी खपला. त्याचं म्हणणं असं, की नव्या महागड्या तंत्राच्या मागे धावू नका; जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याला भलत्याच कामाला लावा. मेहुणे हे तत्त्वज्ञान अर्धा तास समजावतात. बहीण एका वाक्यात सांगते, "फोडणीची पोळी."

१९९६मध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडलं, स्वतःची छोटी संस्था काढली आणि बांदाईसाठी वंडरस्वान आखायला घेतला. ज्याने गेम बॉयला जन्म दिला तोच त्याच्यावर चालून निघाला. पण ऑक्टोबर १९९७मध्ये महामार्गावर गाडीतून उतरले असताना अपघातात ते गेले. यंत्र बाजारात आलेलं त्यांनी पाहिलं नाही. त्याच्यासोबत 'गनपे' नावाचा एक कोड्यांचा खेळ आला, त्यांच्याच नावावरून.

इथपर्यंत आलं की मेहुण्यांचा आवाज बदलतो आणि मला ओळखीची लक्षणं दिसू लागतात. आपल्याकडे पानिपत सुरू झालं की लोक असेच बोलतात. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. मेहुणे म्हणतात, योकोई त्या दिवशी गाडीतून उतरलेच नसते तर. भाऊ हत्तीवरच राहिले असते तर. बांदाईने पहिल्याच दिवशी रंगीत पडदा दिला असता तर. तो आला डिसेंबर २०००मध्ये आणि तीनच महिन्यांत निन्टेन्डोचा गेम बॉय अॅडव्हान्स समोर ठाकला. आणि नानासाहेबांची कुमक? तीही आहे. स्क्वेअर कंपनीचं तेव्हा निन्टेन्डोशी बिनसलेलं होतं, म्हणून 'फायनल फँटसी' वंडरस्वानवर आला. पहिला आला, दुसरा आला, चौथा आला. तिसरा जाहीर झाला होता, तो काही पोहोचला नाही. तोवर स्क्वेअर आणि निन्टेन्डोची दिलजमाई झाली. मेहुणे अजून दक्षिणेकडे धूळ उडते का ते बघतात.

मला वाटायचं, हे खूळ आमच्या घरापुरतं असेल. एका रविवारी त्यांनी मला 'मित्रांना भेटू' म्हणून नेलं. अकिहाबारात एका जिन्यावरच्या कॉफीच्या दुकानात पाच माणसं बसली होती. प्रत्येकाने खिशातून हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. देवघरातले टाक मांडावेत तसं.

एक अमेरिकन होता, अटारी लिंक्सचा. १९८९मध्ये रंगीत, उजेडाचा पडदा, गेम बॉयच्या दुप्पट किंमत, आणि यंत्र उलटं फिरवलं की डावखुऱ्यांसाठी तयार. "मी डावखुरा आहे," तो म्हणाला, "माझ्या आईआधी मला या यंत्राने ओळखलं." ओसाकाचे एक गृहस्थ निओ जिओ पॉकेटचे. त्या यंत्राच्या अंगठ्याखालच्या दांडीला बारीक टिक् टिक् असा आवाज आहे, तो त्यांनी मला तीनदा ऐकवला, डोळे मिटून. हे यंत्र ओसाकाच्याच एसएनके कंपनीचं, १९९८चं, आणि २००१मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. एक फिनलंडचा तरुण नोकियाच्या एन-गेजचा. हा २००३मधला, गेमही आणि फोनही, आकाराने थेट करंजी. बोलायचं तर ही करंजी आडवी धरून कड कानाला लावायची. गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, मग आत कार्ड घाला. म्हणजे गेम बदलेपर्यंत फोन बंद. त्या तरुणाला यात काही गैर वाटत नाही. "माणसाने एका वेळी एकच काम करावं," म्हणाला.

वरवर सगळ्यांचा शत्रू एकच, गेम बॉय. त्याचं नाव निघालं की सगळे एकत्र नाक मुरडतात. पण खरं वैर आपापसातलं. एकाच आळीतल्या दोन गणेश मंडळांचं असतं, तसं. मला आधी वाटलं, कुणाचं यंत्र भारी यावर भांडतील. तसं मुळीच नाही. भांडण होतं कुणाचं जास्त पडलं यावर. मेहुण्यांनी मोठ्या दिमाखात आपला आकडा सांगितला, सगळे प्रकार मिळून साधारण पस्तीस लाख. टेबलावर शांतता पसरली. मग लिंक्सवाला सहानुभूतीने म्हणाला, "पस्तीस लाख? मग तुमचं तर लोकप्रिय म्हणायचं." मेहुण्यांचे कान लाल झाले. भर पंगतीत कुणी आपल्या घराण्याचं मूळ काढावं तसं झालं.

पैज जिंकली कोपऱ्यातल्या एका इंग्रजाने. तो तोवर गप्प होता. त्याने रुमाल उलगडला आणि म्हणाला, "गिझमोंडो. २००५. पंचवीस हजारसुद्धा खपले नाहीत." कंपनी वर्षभरातच बुडाली, आणि तिच्या एका माजी अधिकाऱ्याने कॅलिफोर्नियात फेरारी एंझो खांबावर घालून गाडीचे दोन तुकडे केले, वर पोलिसांना सांगितलं की गाडी दुसराच कुणी चालवत होता आणि तो पळाला. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ओसाकावाल्यांनी त्याला वाकून नमस्कार केला.

मग पाहुणा म्हणून मला विचारलं, तुमच्याकडे लहानपणी काय होतं? मी खरं ते सांगितलं. जत्रेतून आणलेलं, '९९९९ इन १' लिहिलेलं, विटा पडायचा गेम असलेलं यंत्र. गेम मोजून दहा-पंधरा, बाकी तेच वेग बदलून. "कुठल्या कंपनीचं?" नाव नव्हतं. "बनवलं कुणी?" माहीत नाही. "कुठल्या साली?" कुणाला ठाऊक. पाचही जण पुढे सरकून बसले. गिझमोंडोवाल्याने आपलं यंत्र हळूच रुमालात परत गुंडाळलं. "आता कुठे आहे ते?" मी म्हटलं, आईने रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिलं, वजनावर. फिनलंडच्या तरुणाने टोपी काढली. त्या दिवशीची कॉफी माझ्याकडून घेतली नाही कुणी.

परत येताना गाडीत मेहुणे माझ्याशी दोन स्टेशनं बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत."

या मंडळींचा आणखी एक त्रास म्हणजे वास. जुन्या गेम गिअरमधले कपॅसिटर फुटले की त्यातून मासळीसारखा वास येतो आणि वंडरस्वानच्या रंगीत भावंडांचे पडदे कुजू लागले की शिरक्याचा. मेहुण्यांच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या धुरात, दोन्ही मिळून बोंबलाचं लोणचं घातल्यासारखं वाटतं. आम्ही घरचे शाकाहारी. आई दोन वर्षांपूर्वी तिथे गेली तेव्हा पहिल्याच रात्री तिने बहिणीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "लपवून खातो का गं?"

बहीण वैतागते, पण एवढंही नाही. तिला मी एकदा स्पष्टच विचारलं. म्हणाली, "२०२३मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी मोजून काढलंय, तिकडे २०१०च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. हा रोज सांगतो, पाठ झालंय. बाकीचे नवरे शेअर बाजाराचं पाठ करायला लावतात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दादा, जे यंत्र कुणालाच नको होतं त्याच्याशी हा इतका नीट वागतो. माझी काय काळजी?"

मी निघायच्या आदल्या दिवशी घरात शिरा झाला. वर केळं, बेदाणे, सगळं रीतसर. वाढदिवस कुणाचाच नव्हता. विचारलं तर मेहुण्यांनी एक निळसर वंडरस्वान पुढे केला. जुन्या सामानाच्या दुकानात 'जंक' लिहिलेल्या टोपलीतून उचललेला. या यंत्रात पहिल्या दिवशी मालकाने आपलं नाव, जन्मतारीख आणि रक्तगट भरायचा असतो. जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगतात, आपल्याकडे राशीवरून सांगतात तसा. पूर्वीच्या मालकाने ते कधी पुसलं नव्हतं. १९९० सालचा मुलगा, रक्तगट ओ. मेहुण्यांनीही पुसलेलं नाही. नाव मलाही दाखवलं नाही. "त्याला विचारल्याशिवाय कसं दाखवायचं?" म्हणाले. मात्र दर वर्षी त्या तारखेला शिरा होतो. आधी यंत्राला नवा सेल, मग आपल्याला वाटी.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. वाट्या दिसताच तिने चौकशी केली, आणि बहिणीने सगळं सांगितलं. आईने लक्ष देऊन ऐकून घेतलं.

"म्हणजे पस्तिशीचा झाला."

"हो."

"शिकलेला असेल. आणि रक्तगट काय म्हणालीस?"

"ओ."

"ओ सगळ्यांना चालतो," आई म्हणाली. "जावईबापूंना विचार, मावशीच्या धाकटीचा फोटो पाठवू का?"