छान झाला हं प्रयोग!

नाटक संपलं की मराठी प्रेक्षक आधी मोबाइल चालू करतो, मग पार्किंगकडे धावतो. ज्यांना घाई नसते ते विंगेत शिरतात, नटाच्या खांद्याला खांदा लावून सेल्फी काढतात आणि म्हणतात, "छान झाला हं प्रयोग!" नट घाम पुसत "थँक्यू, थँक्यू" म्हणतो. झाली चर्चा. रात्री फेसबुकवर 'निःशब्द!' अशी पोस्ट पडते आणि तिच्याखाली चौदा ओळी कौतुक. नाटक आवडलं नाही हेही लोक बोलतात, नाही असं नाही. पण गाडीत, काचा वर करून, फक्त बायकोशी.

आमचे मामा या बाबतीत अगदीच असंस्कृत. १९७२च्या डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' आलं, तेव्हा ते आणि शेजारचे एक वकील एकत्र नाटकाला गेले आणि एकत्र भांडत परतले. वकिलांचं म्हणणं, ही नाना फडणवीसांची बदनामी आहे. मामांचं म्हणणं, नाटक नानांचं नाहीच, सत्ता माणूस कसा वापरते आणि कसा फेकते त्याचं आहे. वाड्याच्या दारात उभ्याने जुंपली, ती दूधवाला येईपर्यंत. मामी म्हणायची, तेंडुलकरांनी नाटक लिहिलं आणि माझी झोप गेली. पुढे कितीतरी वर्षं दोघे तिकिटं मात्र शेजारशेजारची काढत. भांडायला माणूस लगेच हाताशी नसेल तर तिकिटाचे पैसे वाया, हा मामांचा हिशेब.

भांडण काही वाड्यापुरतं नव्हतं. 'घाशीराम' करणाऱ्या 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' (पीडीए) या संस्थेतच ते पेटलं. अध्यक्ष भालबा केळकरांनी १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, तेव्हा दिग्दर्शक जब्बार पटेल आणि मंडळींनी बाहेर पडून थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि तेच नाटक १९८० साली थेट युरोपात नेलं. त्याआधी तेंडुलकरांच्याच 'गिधाडे'तल्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली होती. दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की निळा डाग लाल समजावा. हुकूम पाळला आणि म्हणणंही सोडलं नाही! नाटककारांना तर सेन्सॉरपेक्षा समीक्षक माधव मनोहर समोर बसलेत याचीच धास्ती. कुठल्या परदेशी नाटकावरून उचललंय, ते हा माणूस छापून सांगायचा. आज त्यांना 'निगेटिव्ह' म्हणून कुणी आमंत्रण धाडलं नसतं.

तो काळ सगळा सोन्याचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. बंद पाडा म्हणणारे तेव्हाही होते; तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'ला कोर्टाची पायरी चढावी लागली. पण बंद पाडणारे आणि भारावून जाणारे यांच्या मधोमध एक मोठा घोळका असायचा. कँटीनमध्ये बटाटेवडा खात "पटलं नाही बुवा" म्हणणारा. बंद पाडणारे आजही आहेत, भारावणारे तर दुप्पट झालेत. मधला घोळका तेवढा पांगला.

त्याला कारणं अगदी साधी आहेत. दादरच्या छबिलदास शाळेत १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेचे प्रयोग होत, तिथे नट आणि प्रेक्षक एकाच जिन्याने उतरत. दिग्दर्शक रस्त्यावर पोचण्याआधी त्याला गाठून जाब विचारता येई. आता रविवारी एका नाट्यगृहात तीन-तीन प्रयोग. पडदा पडला रे पडला की पुढच्या नाटकाचं नेपथ्य दारात हजर आणि वॉचमन "चला, चला" म्हणत मागे. वर्तमानपत्रात परीक्षणाला जागा नाही. आणि खरी मेख अशी की सगळे एकमेकांच्या ओळखीचे! आज तुमच्या नाटकाला नाव ठेवलं, तर पुढच्या महिन्यात माझ्या भाच्याच्या एकांकिकेला तुम्ही येणार आहात का?

परवा एका ओळखीच्या दिग्दर्शकाला प्रयोगानंतर म्हटलं, "दुसरा अंक लांबला. आणि ती मुलगी शेवटी घरी परत का येते, ते मला पटलं नाही."

त्याने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्हाला हे बोलायला कुणी पाठवलंय?"