पत्र्यावरचं खोकं

"अगं, पत्र्यावर काय वाळत घातलंयस? कुरडया म्हणावं तर डबड्यावानी दिसतंय."

"कुरडया कुठल्या, काकू! कॉम्प्युटरचं खोकं आहे. ह्यांचा भिगवणला एमएस-सीआयटीचा क्लास होता ना, त्यातलं. माळ्यावरून काढलं तर पार पिवळं."

"मग घासायचं की निरम्यानं."

"मळ असता तर घासला असता. प्लास्टिकच पिवळं पडतं ते. आग धरू नये म्हणून त्यात ब्रोमिनची औषधं घालायचे. वर्षानुवर्षं ऊन अन् उष्णता लागली की रंग बदलतो. पुढचा स्टिकर उचकटला, तर खाली चौकोन तसाच पांढरा! अन् कीबोर्ड बघा, अक्षरांची बटणं बरी, लांबडी पट्टी तेवढी पिवळी. ती वेगळ्या प्लास्टिकची."

"अन् वर थापलंय ते? दही?"

"पार्लरातलं डेव्हलपर. केस रंगवताना वापरतात ते. 40 व्हॉल्यूमचं, म्हणजे 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. जाऊबाईंच्या पार्लरातून बाटली आणलीय. त्यांना पत्ता नाही, तुम्ही बोलू नका."

"मी कशाला बोलतीय!"

(काकूंच्या कानावर घातलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत हायवे ओलांडते, हे डाळजमध्ये कुणालाही विचारा.)

"पण उन्हानं पिवळं झालं म्हणतीस, अन् ठेवलंस उन्हातच?"

"मीही तेच म्हटलं. पेरॉक्साइड असलं की तेच ऊन रंग काढतं म्हणे. परदेशातल्या हौशी लोकांनी 2008 मध्ये ही रीत शोधली. आतले पार्ट काढून ठेवायचे, क्रीम वाळू नये म्हणून वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं अन् खोकं सारखं फिरवायचं, नाहीतर पट्टे उठतात. हातमोजे नसले की बोटं पांढरी पडून चुरचुरतात, ते वेगळंच."

"टिकतं तरी का?"

"कुठलं! काही वर्षांनी परत पिवळं. अंधारात ठेवलं तरी."

"मग कशापायी हा उद्योग? फाटक गंजून गेलंय तुमचं, त्याला रंग द्यायला नाही वेळ गावला."

"तुम्हीच ह्यांना सांगून बघा. मी बोलले की क्लासचं पुराण सुरू होतं."

"बरं, उरलंच जरा तर आमच्या ओसरीतला बटणांचा बोर्ड…"

"नको हं, विजेचं काम आहे. अन् बोर्ड भिगवणला नवा मिळतो. हे खोकं कुठल्या दुकानात मिळायचं आता?"

"मिळू नये तेच बरं. अगं, फाटकात कोण ते? जाऊच की तुझी! ये गं, ये. तुझ्याच बाटलीचं चाललं होतं आमचं."