लोक हल्ली पुटपुटतात

नाना प्रत्येक सोसायटीत असतात. वय सत्तरीच्या आसपास, तब्येत ठणठणीत आणि तक्रार एकच : हल्ली लोक स्पष्ट बोलत नाहीत. बातम्या देणारी मुलगी शब्द खाते, नाटकातले नट पुटपुटतात आणि सुनेला तर तोंड उघडून बोलायची सवयच नाही. नानांच्या टीव्हीवर शेजारचे दोन फ्लॅट फुकट बातम्या ऐकतात.

‘तुम्हाला ऐकू येत नाही’ असं मात्र कोणी म्हणायचं नाही. गंमत म्हणजे नाना खोटं बोलत नसतात. वयोमानाने कान जातो तो वरच्या पट्टीकडून. आतल्या कानाच्या शंखात साधारण १५ हजार केशपेशी असतात आणि माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत (डोक्यावरच्या केसांबाबत नानांना हा अनुभव आहेच). उंच आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे अ, आ, ओ नीट पोचतात. स, श, फ, थ वाटेत गळतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. नातू किंचाळतो, “आजोबा, साप!” नाना पेपरातून मान वर न करता विचारतात, “किती आहे ताप?”

खालच्या मजल्यावरच्या काकांचा खर्ज कळतो, पण बायकोचा बारीक आवाज कळत नाही. दोष संसाराचा नसून हर्ट्झचा आहे, पण हे बायकोला कोण पटवणार?

“जरा मोठ्यानं बोल” आणि “ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी?” ही दोन वाक्यं नाना एकाच मिनिटात म्हणू शकतात. हाही हट्टीपणा नव्हे. अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो. मधली जागाच आक्रसलेली असते.

शेवटी मुलगी पकडून तपासणीला नेते. नानांची सगळी भिस्त मळावर असते. मळ निघतो चिमूटभर. मग बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं. नाना प्रामाणिकपणे दाबतात. काही वेळा आवाज नसतानाही. कागदावर आलेख उमटतो : उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली, आणि दोन्ही रेषा २००० हर्ट्झनंतर घसरगुंडीसारख्या खाली.

खरेदीत नानांची अट एकच, “दिसणार नाही असं दाखवा.” कानाच्या आत दडणारं यंत्र दिसत नाही हे खरं, पण त्याचा सेल चण्याच्या डाळीएवढा. तो बदलायला बोटं थरथरून चालत नाही. शिवाय नानांचे खालचे स्वर शाबूत आहेत; कान बुजला की त्यांना स्वतःचाच आवाज माठात घुमल्यासारखा वाटतो. अशांना कानामागे बसणारं, बारीक तारेचं आणि कान मोकळा ठेवणारं यंत्र बहुधा सोयीचं पडतं. दोन्ही कान गेले असतील तर यंत्रंही दोन लागतात. हे ऐकून नाना एकच घेतात आणि ‘बघू’ म्हणतात. चॅनेल किती, यावर ते तासभर घासाघीस करतात. यंत्र आलेखाप्रमाणे कानाला बसवून देणारा ऑडिओलॉजिस्ट पुन्हा पुन्हा भेटणार की नाही, हे विचारायचं मात्र राहून जातं. आमच्या मते तोच प्रश्न पहिला.

घरी आल्यावर नळ, कुकर, प्लास्टिकची पिशवी आणि स्वतःच्या चपला असं सगळं एकदम अंगावर येतं. मेंदूला या विसरलेल्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात. नाना चौथ्या दिवशी यंत्र कपाटात ठेवतात आणि काटकसर म्हणून सेलचं स्टिकर पुन्हा चिकटवतात. झिंक-एअर सेल एकदा हवेला उघडा पडला की स्टिकर लावून फारसा वाचत नाही. यंत्र आणि सेल दोन्ही कपाटात संपत राहतात.

घरच्यांनाही एक विनंती. नानांनी यंत्र लावलं म्हणून स्वयंपाकघरातून हाका मारू नका. टीव्ही बंद करा, समोर या, चेहरा उजेडात ठेवा आणि सावकाश बोला. आणि कृपा करून, ओरडू नका.