पाट्याची पैठणवारी

आक्काने शहरातलं घर आवरून पैठणला राहायला जायचं ठरवलं आणि दाजींनी टेम्पोचं भाडं वाचवायचं ठरवलं. दोन्ही बाबतींत माझं मत कुणी मागितलं नव्हतं. मागितली होती ती माझी रविवारची सुट्टी.

दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मोसंबीच्या बागेसाठी म्हणून त्यांनी एक जुनी पिकअप घेतली आहे. हयात पाट बघण्यात गेल्यामुळे गाडीच्या पाट्यांतलंही आपल्यालाच कळतं, असं ते धरून चालतात.

कपाट, पलंग, डबे, बादल्या असा संसार चढला. शेवटी आक्काने सासूबाईंचा पाटा-वरवंटा स्वतः उभं राहून ठेवून घेतला. "मिक्सर राहिला तरी चालेल, हे राहता कामा नये."

महानुभाव आश्रम मागे पडतो न पडतो तोच गाडीने दोन आवाज काढले. खड्डा आला की 'कुईंऽऽ' आणि ब्रेक मारला की 'ठक्'. ज्ञानेश्वरांनी पैठणात रेड्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात. आमची पिकअप पैठण यायच्या आतच बोलायला लागली होती.

"निघायच्या आधी पाट्यांना ग्रीस चोपडलंय, वरून काळं ऑइलही सोडलंय," दाजी म्हणाले. "मुरू दे जरा. पाटाचं पाणी सोडल्या सोडल्या शेवटच्या वावरात पोचतं का?"

हे असं गेले सहा महिने मुरत होतं. चितेगाव जवळ आलं तसा कुईंचा आवाज इतका चढला, की रस्त्याकडेची कुत्री उठून बाजूला झाली. चितेगावचं नाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे घरोघर गेलेलं. टीव्हीला मुंग्या आल्या की कुशीत एक थाप मारायची, ही आमच्या पिढीची दुरुस्तीची पद्धत. दाजींनी त्याच श्रद्धेने खाली उतरून मागच्या पाट्याला एक लाथ मारली. पाटा 'कुईं' म्हणाला. मग आम्ही गॅरेज शोधलं.

पत्र्याच्या शेडमध्ये तुटलेल्या पाट्यांची थप्पी, आणि तिला टेकून पंचविशीतला मिस्त्री. त्याने खाली वाकून बघत विचारलं, "मागं पाटे किती आहेत, काका?"

केबिनमधून आक्काचा आवाज आला, "एकच आहे. वरवंटा वेगळा ठेवलाय."

मिस्त्रीने पहार घालून पाट्याचं टोक उचललं. ते बोटभर हललं. "बुश संपलेत," तो म्हणाला. "पुढच्या चाकाला दगड लावा कुणीतरी, गाडी उचलायचीय." कुणाच्या तरी उपयोगी पडायला मिळतंय म्हणून दाजी इतके खूश झाले, की मागे हात घालून जे लागलं ते त्यांनी चाकाखाली सरकवलं. मी तेव्हा कपाट धरून उभा होतो.

अर्ध्या तासाने बुश बाहेर निघाला. दुधात भिजवलेल्या मनुक्यासारखा एका बाजूने टरारून फुगलेला, दुसऱ्या बाजूने कागदासारखा झिजलेला. दाबला की काळं पाणी सुटे.

"ह्याला ग्रीस कुणी लावलं?"

दाजी लिंबाच्या झाडाकडे बघू लागले.

"काका, वजन आलं की पाटा सपाट होतो, म्हणजे लांबतो. म्हणून त्याचं एक टोक पक्कं बांधलेलं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. तिथं लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून मधे हे रबर. मोठ्या ट्रकला पितळी बुश असतो, वर निपल असतो, त्याला ग्रीस पाहिजेच. ते पण चेसिस उचलून मारायचं. पिनेवरचं वजन निघालं की मग ग्रीस चारी अंगानं फिरतं. पण रबराला ग्रीस, ऑइल म्हणजे विष. फुगतं आन् सडतं."

"थोडंसंसुद्धा?" दाजींनी हळूच विचारलं.

एका पाट्याला तीन जागा, प्रत्येक जागी दोन अर्धुकं, असे दोन्ही बाजूंचे मिळून बारा तुकडे बदलायचे निघाले. "डझनावर काही कमी होईल?" हा दाजींचा प्रश्न हातोडीच्या आवाजात बुडाला. नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून सरकवायचे होते. साबण आमच्या सतराव्या डब्यात होता. तासाभराचं काम तीन तासांवर गेलं, तेव्हा दाजींनी मला धीर दिला, "जायकवाडीचा पाया शास्त्रीजींनी १९६५ला घातला, उद्घाटन इंदिराबाईंनी १९७६ला केलं. कामाला वेळ द्यावा लागतो."

बोल्ट बसताच ते पाना घेऊन आवळायला धावले. मिस्त्री ओरडला, "आत्ता नाही! हवेत आवळला तर रबर त्याच जागी धरतं, आन् गाडी खाली सोडली की कायम पिळलेलं राहतं. आधी चाकांवर उभी करा, वजन येऊ द्या, मग आवळा."

"आमच्याकडे सगळं हवेत असतानाच आवळतात," आक्का म्हणाली. "हे पैठणला जायचंसुद्धा."

गाडी खाली आली, बोल्ट आवळले गेले, पोऱ्याने चाकाखालचं काढून बाजूला टाकलं. मिस्त्रीने प्रामाणिकपणे सांगितलं, "कुईंची ग्यारंटी. ठक् कुठून येत होतं ते मला घावलं नाही. वाजलं तर परत या."

वाजलंच नाही. बिडकीन गेलं, ढोरकीन आलं, गाडी मुकी. दाजींनी समोर कुणी नसताना दोनदा मुद्दाम ब्रेक मारून ती शांतता आम्हाला ऐकवली. "बघा पाव्हणे! एका खर्चात दोन आवाज गेले."

"तो ठक् माझा वरवंटा होता," आक्का म्हणाली. "ब्रेक मारला की कपाटावर आपटायचा."

थोडा वेळ गेला.

"मग आता का नाही आपटत?"

दाजींनी काही न बोलता गाडी वळवली. परतीच्या वाटेवर पिकअपचा कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे आक्काचा एक शब्दही वाया गेला नाही.

चितेगावला वरवंटा जागेवर होता. म्हणजे उसाच्या एका ट्रॉलीच्या चाकाखाली होता, आणि ट्रॉलीचं दुसरं अंग जॅकवर.

"बसा काका," मिस्त्री म्हणाला. "वजन खाली आल्याशिवाय निघायचा नाही तो."